पोस्टमनमध्ये २००, कोडमधून ४०१: ऑथरायझेशन हेडर वाटेत कुठे गळतो?

अर्धविराम

डॉटनेट ८ वरची एक बॅकग्राउंड सर्व्हिस भागीदार कंपनीच्या वेब एपीआयकडून ठरावीक वेळाने ऑर्डरी ओढते. तोच पत्ता आणि तेच टोकन (ओळख पटवणारी खूण) पोस्टमनमध्ये, म्हणजे एपीआय हाताने तपासायच्या साधनात, टाकलं की २०० (यशस्वी) येतो, जेसनही व्यवस्थित येतं. कोडमधून मात्र दर वेळी ४०१, म्हणजे ओळख पटली नाही.

रिक्वेस्ट गेट प्रकारची (माहिती मागणारी) आहे, पत्त्याचा शेवट /एपीआय/व्ही१/ऑर्डर्स असा. एचटीटीपीक्लायंटच्या डिफॉल्टरिक्वेस्टहेडर्समध्ये ऑथरायझेशन ठेवलाय: ऑथेंटिकेशनहेडरव्हॅल्यूला पहिला भाग ‘बेअरर’, दुसरा टोकन. त्यांच्या कागदपत्रांत सांगितलेला ‘क्लायंट_आयडी’ हा दुसरा हेडरही जोडलाय. ब्रेकपॉइंट लावून पाहिलं तर दोन्ही हेडर जागेवर दिसतात. ४०१ च्या बॉडीत एकच वाक्य येतं: ‘ऑथेंटिकेशन क्रेडेन्शियल्स वेअर नॉट प्रोव्हायडेड.’

समोरचे सर्व्हर लॉग मागितलेत, ते यायला वेळ लागेल. तोवर आपल्या बाजूने काय तपासता येईल?

कोकणकडा

ते वाक्य जँगो रेस्ट फ्रेमवर्कचं (पायथनमधल्या जँगोवर एपीआय बांधायचं साधन) ठरलेलं वाक्य आहे, तेव्हा समोर जँगो आहे असं धरून चाला. आणि ते नीट वाचा. टोकन चुकीचं आहे असं ते म्हणत नाही. टोकन पोचलं पण मुदत संपलेली किंवा सही जुळत नाही, असं असतं तर टोकन अवैध असल्याचा वेगळा निरोप आला असता. ‘नॉट प्रोव्हायडेड’ म्हणजे सर्व्हरला त्याच्या ओळखीचा ऑथरायझेशन हेडर दिसलाच नाही. त्यामुळे पुन्हा पुन्हा नवं टोकन काढत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

हा निरोप येण्याची कारणं साधारण तीन. पहिलं, हेडर तुमच्याकडून निघाला पण रीडायरेक्ट होताना, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर वळवताना, क्लायंटनेच काढून टाकला. दुसरं, हेडर पोचला पण त्यातला पहिला शब्द सर्व्हरला हवा तो नाही. जँगो रेस्ट फ्रेमवर्कच्या मूळ टोकनऑथेंटिकेशनला ‘टोकन’ हा शब्द लागतो, ‘बेअरर’ नाही. शब्द जुळला नाही तर ते तक्रार करत नाही, हेडर नाहीच असं समजून पुढे जातं, म्हणून निरोप तोच. तिसरं, मधल्या प्रॉक्सीने किंवा वेब सर्व्हरने हेडर पुढे दिलाच नाही.

तिन्हींची निवड करायला दोन गोष्टी छापून इथे टाका:

१. ४०१ च्या रिस्पॉन्समधला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर. आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकाप्रमाणे ४०१ सोबत तो असलाच पाहिजे. सर्व्हरला कुठली पद्धत हवी ते तिथेच लिहिलेलं असतं.

२. रिस्पॉन्स.रिक्वेस्टमेसेज.रिक्वेस्टयूआरआय. रीडायरेक्ट झाला असेल तर इथे शेवटचा पत्ता दिसतो. तुम्ही पाठवलेल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

पोस्टमनमध्येही ऑथरायझेशनच्या टॅबवर काय भरलंय ते पाहू नका. खालचा कन्सोल उघडून प्रत्यक्ष गेलेली रिक्वेस्ट पाहा.

सर्व्हरवाला

ब्रेकपॉइंटमध्ये हेडर दिसला म्हणजे तो तारेवर गेला असं होत नाही. खात्री करायची तर मशीनवर नेटकॅट (आलेलं सगळं जसंच्या तसं दाखवणारं साधन) ८०८० पोर्टवर ऐकत ठेवा आणि बेसॲड्रेस तात्पुरता लोकलहोस्ट ८०८० करा, साध्या एचटीटीपीने. पहिली रिक्वेस्ट जशीच्या तशी स्क्रीनवर उतरेल. नेटकॅट उत्तर देत नाही, त्यामुळे क्लायंट लटकेल. एचटीटीपीक्लायंटचा मूळ टाइमआउट १०० सेकंदांचा आहे, वाट न बघता थांबवून टाका.

लॉगिंगने पाहणार असाल तर जपून. डॉटनेट ८ मध्ये आयएचटीटीपीक्लायंटफॅक्टरीचं लॉगिंग ट्रेस पातळीवर नेलं की हेडरच्या किमती अख्ख्या छापल्या जातात, टोकनसकट. रिडॅक्टलॉग्डहेडर्स लावून ऑथरायझेशन झाका. डॉटनेट ९ पासून त्या मुळातच झाकलेल्या येतात.

अर्धविराम

चारही तपासण्या केल्या.

नेटकॅटवर दोन्ही हेडर बरोबर दिसले.
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट: बेअरर रेल्म=‘एपीआय’.
पोस्टमनच्या कन्सोलमध्येही ‘बेअरर’च आहे.
रिक्वेस्टयूआरआय मात्र /एपीआय/व्ही१/ऑर्डर्स/ असा येतोय, शेवटी एक तिरकी रेघ जास्त. अलाऊऑटोरीडायरेक्ट (रीडायरेक्ट आपोआप पाळायची सेटिंग) फॉल्स करून पाहिलं तर ४०१ ऐवजी ३०१, म्हणजे रीडायरेक्ट, आला, लोकेशनमध्ये तोच रेघवाला पत्ता.

कोकणकडा

मग पाणी तिथेच मुरतंय.

जँगोमध्ये अपेंड_स्लॅश ही सेटिंग मुळात चालू असते. पत्ता रेघेशिवाय आला, तो कुठल्याच मार्गाशी जुळला नाही, पण रेघ लावल्यावर जुळतो, असं असेल तर जँगो ३०१ देऊन रेघवाल्या पत्त्यावर पाठवतं. डॉटनेटचा एचटीटीपीक्लायंट तो रीडायरेक्ट गुपचूप पाळतो, आणि पाळताना ऑथरायझेशन हेडर पुसतो. होस्ट तोच असला तरी पुसतो. अलाऊऑटोरीडायरेक्टच्या अधिकृत माहितीत हे स्पष्ट लिहिलंय, त्याला बग म्हणता येत नाही. पोस्टमन होस्ट बदलला तरच हेडर काढतो. तुमचा होस्ट तोच राहिला, म्हणून तिथे २०० आला.

उपाय साधा: पत्ता शेवटच्या रेघेसकट लिहा. बेसॲड्रेस वापरत असाल तर त्याची जोडणी नीट बघा. बेसॲड्रेसच्या शेवटी रेघ हवी आणि पुढच्या सापेक्ष पत्त्याच्या सुरुवातीला रेघ नको. बेसच्या शेवटी रेघ नसेल तर त्याचा शेवटचा तुकडा गळतो. सापेक्ष पत्ता रेघेने सुरू केलात तर /एपीआय/व्ही१ हा अख्खा भागच जातो.

आणखी तीन गोष्टी याच जागी बघून घ्या.

हेडर डेलिगेटिंगहँडलरमधून (रिक्वेस्ट निघण्याआधी चालणारा तुमचा कोड) लावला तरी हा प्रश्न सुटत नाही. रीडायरेक्ट त्याच्या आत, मुख्य हँडलरमध्ये होतो. तुमचा हँडलर एकदाच चालतो, दुसऱ्या फेरीला त्याला कुणी विचारत नाही.

पोस्ट रिक्वेस्ट असेल तर प्रकरण जास्त वाईट. ३०१ किंवा ३०२ आला की एचटीटीपीक्लायंट पोस्टचा गेट करतो आणि बॉडी टाकून देतो. जिथे गेटला परवानगी लागत नाही अशा एपीआयवर २०० येईल, यादी येईल आणि ऑर्डर मात्र तयारच झालेली नसेल. ३०७ आणि ३०८ मध्ये पद्धत आणि बॉडी तशीच राहते.

एपीआय क्लायंटमध्ये अलाऊऑटोरीडायरेक्ट कायमचा फॉल्स ठेवा असं माझं ठाम मत आहे. ३०१ लॉगमध्ये दिसला तर पत्ता दुरुस्त करता येतो. आपोआप पाळला गेला तर तो ४०१ चं सोंग घेऊन येतो. ‘रीडायरेक्टनंतर हेडर पुन्हा लावायचा’ असा कोड लिहूच नका. लिहावाच लागला तर होस्ट तोच आहे आणि नवा पत्ता एचटीटीपीएसच आहे, हे दोन्ही तपासल्याशिवाय टोकन जोडू नका.

मधली_सुट्टी

इथे एक धोका नेहमी नजरेआड होतो. डॉटनेट फक्त ऑथरायझेशन पुसतं, बाकी हेडर तसेच पुढे नेतं. तुमची चावी ‘एक्स-एपीआय-की’ अशा स्वतःच्या नावाच्या हेडरमध्ये असेल आणि समोरच्याने दुसऱ्या डोमेनवर रीडायरेक्ट केला, तर चावी त्या डोमेनला मिळाली. सानुकूल नाव वापरलं म्हणून रीडायरेक्टमध्ये हेडर टिकतो, यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

बाकी क्लायंटांची वागणूक अशी. कर्ल हे कमांड लाइनवरचं साधन ७.५८.० पासून हाताने दिलेला ऑथरायझेशन हेडर दुसऱ्या होस्टवर नेत नाही. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी होस्ट बदलला तर काढते, आणि २.२०.० पासून एचटीटीपीएसवरून एचटीटीपीवर घसरलं तरी काढते. रिक्वेस्ट्सचा आणखी एक चकवा आहे: घरच्या फोल्डरमध्ये नेटआरसी फाइल (होस्टनिहाय नाव-पासवर्ड ठेवणारी) असेल आणि तिच्यात त्या होस्टची नोंद असेल, तर तुम्ही हेडर्समध्ये दिलेला ऑथरायझेशन ती खोडून त्याजागी बेसिक (नाव-पासवर्डाची पद्धत) लावते. एका मशीनवर चालतं आणि शेजारच्यावर नाही, असं असेल तर आधी ती फाइल बघा. सेशनचा ट्रस्ट_एन्व्ह फॉल्स केला की हे थांबतं, पण प्रॉक्सीची पर्यावरण चलंही मग वाचली जात नाहीत.

सर्व्हरवाला

‘क्लायंट_आयडी’बद्दल. नावातली अंडरस्कोअर बघा. इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये अंडरस्कोअर्स_इन_हेडर्स मुळात ऑफ असतं आणि असे हेडर काही न सांगता टाकले जातात. अपाचे २.४ तेच करतं, जँगोचा रनसर्व्हरही. कारण असं: डब्ल्यूएसजीआयमध्ये (वेब सर्व्हर आणि पायथन ॲप्लिकेशन यांतला दुवा) हेडरच्या नावातली आडवी रेघ अंडरस्कोअरमध्ये बदलते. म्हणजे ‘क्लायंट-आयडी’ आणि ‘क्लायंट_आयडी’ दोन्ही आत जाऊन एचटीटीपी_क्लायंट_आयडी या एकाच नावावर बसतात. प्रॉक्सीने स्वतः लावलेला विश्वासाचा हेडर बाहेरचा कुणी असा दुसऱ्या रूपात घुसवू शकतो, म्हणून दारातच अडवतात.

पोस्टमनमधून तो हेडर काढून टाका आणि पाहा. तरीही २०० आला तर तो कधी पोचतच नव्हता.

लॉग आले की समोरच्यांना हेही विचारा, कारण पुढेमागे सर्व्हर हलवताना हेच अडेल:

अपाचेवर मॉड_डब्ल्यूएसजीआय आहे का? ते ऑथरायझेशन हेडर मुळात ॲप्लिकेशनला देत नाही. डब्ल्यूएसजीआयपासऑथरायझेशन ऑन लागतं. पीएचपी सीजीआय किंवा फास्टसीजीआयवर असेल तर अपाचे २.४.१३ पासून सीजीआयपासऑथ ऑन असं लिहून काम होतं. त्याआधीच्या आवृत्तीत सेटएन्व्हइफने हेडर उचलून एचटीटीपी_ऑथरायझेशनमध्ये ठेवावा लागतो.

इंजिनएक्समध्ये प्रॉक्सी_सेट_हेडरचा वारसा फसवा आहे. सर्व्हर ब्लॉकमध्ये चार ओळी आहेत आणि लोकेशन ब्लॉकमध्ये कुणी एक ओळ घातली, की त्या लोकेशनपुरत्या वरच्या चारही रद्द होतात. एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो असा गळला की जँगोला रिक्वेस्ट एचटीटीपीने आली असं वाटतं, सिक्युअर_एसएसएल_रीडायरेक्ट चालू असेल तर ते ३०१ देतं, आणि आपण पुन्हा रीडायरेक्टपाशी.

क्लाउडफ्रंट (ॲमेझॉनची कॅशिंग सेवा) वाटेत असेल तर गेट आणि हेड रिक्वेस्टींमधला ऑथरायझेशन ते ओरिजिनकडे, म्हणजे मूळ सर्व्हरकडे, जाण्याआधी काढतं. कॅश पॉलिसीत तो हेडर घ्यावा लागतो.

एसथ्री या ॲमेझॉनच्या फाइल-साठ्याच्या प्रीसाइन्ड पत्त्यावर रीडायरेक्ट होत असेल तर उलटा घोळ: सही पत्त्यातच असते, वर ऑथरायझेशन हेडरही गेला तर ‘एकच पद्धत वापरा’ म्हणून ४०० येतो. तिथे हेडर पुसला गेलेलाच बरा.

पडवी

माझा प्रश्न याला लागूनच. ब्राउझरमधून, म्हणजे रिॲक्टच्या पानावरून फेच केल्यावर ४०१ सुद्धा दिसत नाही, नुसती कॉर्सची (दुसऱ्या डोमेनवर रिक्वेस्ट पाठवण्याबद्दलचे ब्राउझरचे नियम) एरर. तेच कर्लने चालतं. एपीआय एएसपी डॉटनेट कोअरवर, पुढे इंजिनएक्स.

कोकणकडा

कर्ल आणि पोस्टमनला कॉर्स लागू नाही, म्हणून त्यांच्यावरून इथला अंदाज बांधता येत नाही. ऑथरायझेशन हेडर असला की ब्राउझर आधी ऑप्शन्सची प्रीफ्लाइट, म्हणजे परवानगी विचारणारी, रिक्वेस्ट पाठवतो. ती ऑथरायझेशनशिवाय जाते. हेडरचं फक्त नाव ॲक्सेस-कंट्रोल-रिक्वेस्ट-हेडर्समध्ये असतं. नेटवर्क टॅबमध्ये ती ऑप्शन्स रिक्वेस्ट शोधा आणि तिचा स्टेटस बघा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ऑप्शन्सला ४०१ आला: ऑथेंटिकेशन कॉर्सच्या आधी चालतंय. मिडलवेअरचा क्रम यूजराउटिंग, यूजकॉर्स, यूजऑथेंटिकेशन, यूजऑथरायझेशन असा हवा.

ऑप्शन्सला ३०१ आला: प्रीफ्लाइटला रीडायरेक्ट चालत नाही, ब्राउझर तिथेच थांबतो. पुन्हा ती शेवटची रेघ किंवा एचटीटीपीचा पत्ता.

ऑप्शन्सला २०४ आला पण तरी अडलं: ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-हेडर्समध्ये ‘ऑथरायझेशन’ हे नाव स्वतंत्र लिहिलेलं हवं. नुसता तारा दिला तर त्यात बाकी हेडर येतात, ऑथरायझेशन येत नाही.

ऑप्शन्स नीट झाला, खरी रिक्वेस्टही गेली आणि मग एरर आली: बहुधा सर्व्हरने खरोखर ४०१ दिलाय, पण त्या ४०१ वर कॉर्सचे हेडर नाहीत, म्हणून ब्राउझर तो तुमच्या कोडला दाखवत नाही. कॉर्सचे हेडर इंजिनएक्सच्या ॲड_हेडरने लावत असाल तर ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ हवंच. ते नसेल तर ॲड_हेडर २००, ३०१ अशा ठरावीक कोडांवरच लागतो, ४०१ वर लागत नाही.

बदल केल्यावर जुनंच दिसत राहिलं तर प्रीफ्लाइटचं उत्तर साठवलेलं असेल. ॲक्सेस-कंट्रोल-मॅक्स-एज कितीही मोठा दिला तरी क्रोम ७२०० सेकंदांवर आणि फायरफॉक्स ८६४०० सेकंदांवर तो थांबवतो. डेव्हटूल्समध्ये कॅश बंद ठेवून तपासा.

पडवी

शेवटचंच निघालं. ‘ऑलवेज’ टाकल्यावर खरा ४०१ दिसला, एरर=‘इनव्हॅलिड_टोकन’ असं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेटमध्ये आलंय. टोकन आमचीच नोडवरची सर्व्हिस बनवते.

सोळा_आणे

आता टोकनच्या आत बघा. दोन टिंबांच्या मधला भाग बेस६४यूआरएलने उलगडून ईएक्सपी (कधी संपतं), एनबीएफ (कधीपासून चालतं), आयएटी (कधी बनलं) हे आकडे वाचा. ते सेकंदांत लागतात, म्हणजे आजच्या काळात १० अंकी. नोडमध्ये डेट.नाऊ मिलिसेकंद देतो, १३ अंकी. तो हजाराने न भागता घातला तर एनबीएफ हजारो वर्षं पुढे जातो.

आकडे १० अंकीच असतील तर सर्व्हरच्या वेळेशी वजाबाकी करा. फरक १९८०० च्या आसपास आला तर तो साडेपाच तासांचा फरक आहे. कुणीतरी भारतीय प्रमाणवेळ घेऊन तिला यूटीसी म्हटलंय. सी शार्पमध्ये डेटटाइम.नाऊ घेऊन शेवटी झेड चिकटवला की हेच होतं. डेटटाइमऑफसेट.यूटीसीनाऊवर टूयूनिक्सटाइमसेकंड्स वापरा. हा फरक एनबीएफमध्ये असेल तर टोकन लगेच नाकारलं जातं. फक्त ईएक्सपीमध्ये असेल तर ते काहीच न अडता साडेपाच तास जास्त जगतं, आणि ते जास्त धोक्याचं, कारण कुणाच्या लक्षात येत नाही. डॉटनेटचं टोकन तपासणारं जेडब्ल्यूटीबेअरर दोन्हीकडे ५ मिनिटांची सूट देतं, त्यामुळे घड्याळाचा लहानसहान फरक तिथे पचतो. ही सूट वाढवून मोठा फरक लपवू नका.

वेळ ठीक असेल तर ऑडियन्स (टोकन कुणासाठी) आणि इश्युअर (कुणी दिलं) अक्षरशः जुळतात का ते बघा. इश्युअरच्या शेवटची रेघ इथेही नडते.

आणि टोकन फाइलमधून किंवा चॅटमधून आलं असेल तर त्याचे बाइट बघा, ओडी किंवा एक्सएक्सडीने. शेवटी ०ए दिसला तर नवी ओळ चिकटलीय. ०डी दिसला तर फाइल विंडोजवर सेव्ह झालीय. मध्ये ई२ ८० ८बी दिसलं तर न दिसणारी शून्य रुंदीची जागा कॉपी होऊन आलीय. बेसिकसाठी इकोने बेस६४ करताना इकोला -एन द्या, नाहीतर नवी ओळ पासवर्डचाच भाग होते. लांब किमतीला बेस६४ ला -डब्ल्यू ० द्या, नाहीतर ७६ अक्षरांनंतर ओळ तुटते.

मधली_सुट्टी

टोकनमध्ये भूमिका, गट असं बरंच भरलं असेल तर आकारही मोजा. इंजिनएक्समध्ये एक हेडर एका बफरात मावावा लागतो, मूळ बफर ८ केचा. त्यावर गेलं की ४००. अपाचेची एका हेडरची मर्यादा ८१९० बाइट. नोडच्या नव्या आवृत्त्यांत सगळे हेडर मिळून १६ के, त्यावर ४३१. काही ठरावीक वापरकर्त्यांनाच ४०० येतो, बाकीच्यांना नाही, तेव्हा हे कारण आधी तपासा.

पडवी

इश्युअरची रेघच होती. एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही. जुळवली, चालू झालं.

अर्धविराम

रेघ लावल्यावर इकडे ४०१ थांबला. अलाऊऑटोरीडायरेक्टही फॉल्स ठेवलाय. ‘क्लायंट_आयडी’ पोस्टमनमधून काढला तरी २०० आला, म्हणजे तो मध्येच टाकला जात होता. समोरच्यांनी कळवलंय की खरं नाव आडव्या रेघेचं आहे, कागदपत्रं दुरुस्त करतायत.

एक शेवटचं. पुढच्या टप्प्यात ऑर्डर घेणाऱ्याचं नाव ‘एक्स-युझर-नेम’ हेडरमध्ये मराठीत पाठवायचंय आणि त्यावर एचमॅकची (सामायिक गुप्त चावीने काढलेली) सही आहे. नाव घातलं की एचटीटीपीक्लायंट रिक्वेस्ट पाठवतच नाही, हेडरमध्ये फक्त आस्की हवं म्हणतो.

सोळा_आणे

बरोबर म्हणतोय. ब्राउझरचा फेचही टाइपएरर देतो. देवनागरी थेट हेडरमध्ये घालू नका. यूआरआय.एस्केपडेटास्ट्रिंगने टक्केवारी रूपात न्या आणि समोर उलगडा. लांबी लक्षात घ्या: देवनागरीचा प्रत्येक संकेत (युनिकोडमधला एक क्रमांक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, टक्केवारीत ९ अक्षरं. ‘प्रज्ञा’मध्ये ७ संकेत आहेत, म्हणून ६३ अक्षरं. बेसिकमध्ये मराठी वापरकर्तानाव असेल तर बेस६४ करण्याआधीचे बाइट एन्कोडिंग.यूटीएफ८ ने घ्या. एन्कोडिंग.आस्की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह करतं आणि काही सांगत नाही.

सहीचं जास्त नाजूक आहे. ‘गोऱ्हे’ हे आडनाव घ्या. ऱ हा स्वतंत्र संकेत आहे, पण र आणि नुक्ता असे दोन संकेत जोडूनही तोच उमटतो. काही कीबोर्ड र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक देऊन तोच अर्धा र काढतात. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट तिन्हींचे वेगळे. मधल्या कुणी मजकूर सामान्यीकृत केला, म्हणजे अशी रूपं एकसारखी केली, की सही मोडते. एनएफसी या युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, कारण जोडक तसाच राहतो. त्यामुळे सही टक्केवारी रूपातल्या, जशा पाठवल्या तशाच अक्षरांवर करा आणि समोरच्यांना उलगडण्याआधी ताडायला सांगा.

समोरच्यांना पटवता आलं तर नाव हेडरमधून काढा. हेडरमध्ये ग्राहक क्रमांक जाऊ दे आणि नाव जेसनच्या बॉडीत.